शेठचं म्हावरं आणि माझं बटण

आमचे शेठ कोणाच्याही घरी गेले की बेल दाबायचे, आणि दार उघडलं तरी दाबतच राहायचे. घरातलं माणूस समोर उभं, आत बेल किंचाळतेय, आणि शेठ डोळे मिटून अंगठ्याने बटण चाचपतायत. मग डोळे उघडून म्हणायचे, "छ्या! यो बटन मेलाय. दाबला तरी कलत न्हाय की दाबला." एवढं बोलून आत येऊन बसायचे, चहा प्यायचे आणि ज्या कामाला आले ते विसरून परत जायचे. सगळ्या गल्लीत त्यांना खटखट शेठ म्हणत. तोंडावर नुसतं शेठ.

ते आमचे घरमालक. भिवंडीत आमची चाळ त्यांचीच होती. चाळीच्या दोन्ही अंगांना लूमचे, म्हणजे कापड विणायच्या मागांचे, कारखाने. लूमचा आवाज इतका की भांडण करायचं तरी कानाला तोंड लावून करावं लागे, त्यामुळे निम्मी भांडणं हसण्यावर जायची. शेठचेही पूर्वी लूम होते. ते काढून टाकले. अंजूरला जमीन होती, तिच्यावर गोदामं बांधून भाड्याने दिली. हाताला काम राहिलं नाही आणि हात तर लूमवाल्याचे. मग ते हात काहीतरी दाबत बसायचे. पेनाचं टोक, टॉर्च, काकींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, गॅसचा लायटर.

अशात त्यांच्या एका गोदामातला कॉम्प्युटरच्या सामानाचा भाडेकरू गाळा सोडून गेला. जाताना एक खोकं तिथेच राहिलं. त्यात कीबोर्डची सुटी बटणं होती, वेगवेगळ्या रंगांची, एका पट्टीवर ओळीने बसवलेली. शेठनी फोन केला तर तो म्हणाला, नमुन्याची आहेत, ठेवा तुम्हाला. शेठनी पहिलं बटण दाबलं. मग दुसरं. काकी सांगतात, त्या दिवशी हे जेवायला आले ते पट्टी घेऊनच, आणि उजव्या हाताने जेवायचं म्हणून डाव्या हाताने दाबत होते.

पुढच्या हळदीला आमचे शेठ मांडवात पट्टी घेऊन फिरले. नवरदेवाकडून दाबून घेतली. भटजींकडून घेतली. बँडवाल्याकडून घेतली. त्यांना कळून चुकलं होतं की प्रत्येक बटणाचा स्वभाव वेगळा, आणि जगातल्या प्रत्येक माणसाचं एक बटण ठरलेलं आहे. ते सापडलं की माणूस सुखी. नाही सापडलं की तो आयुष्यभर दुसऱ्याची चप्पल घालून चालल्यासारखा चालतो.

बटणांना इंग्रजी नावं होती. शेठना ती आवडेनात. ते आगरी माणूस, खाडीकाठचे. त्यांनी म्हावऱ्याची, म्हणजे मासळीची, नावं दिली. जे बटण अडथळा न होता सरळ खाली सरकतं, ते बोंबील. जे मध्ये जरासं अडतं आणि मग सुटतं, ते कोलंबी, कारण कोलंबी सोलताना तसंच होतं. अजिबात आवाज नसलेलं, मऊ, ते निवटी, चिखलात सुळकन जाणारी. आणि जे अडतं, सुटतं आणि सुटताना कट्ट करून ओरडतं, ते चिंबोरी. खेकड्याची नांगी दाताखाली फोडल्यासारखं.

लूमच्या जुन्या शेडमध्ये त्यांनी ज्याचं त्याचं बटण बसवून कीबोर्ड करून द्यायचा कारखाना मांडला. कारखाना म्हणजे एक टेबल, एक लॅपटॉप आणि पत्र्याचं कपाट. ठाण्याहून, मुंबईहून लोक यायला लागले. दिवसभर कॉम्प्युटरवर काम करणारे, खेळ खेळणारे. एवढ्या पैशात फ्रीज येतो आणि ही माणसं टाइप करायला घेतायत, असं चाळीत सगळे बोलायचे. पण त्या माणसांना बटण सापडलं की त्यांचा चेहरा मी पाहिलाय. फ्रीज घेताना असा चेहरा कोणाचा होत नाही.

मी तिथे कामाला लागले ती काकींमुळे. मी आधी घरी धागा कटिंग करायचे, कापडाचे लोंबणारे धागे कापून द्यायचे. काकी शेठना म्हणाल्या, "हिला घ्या. हिचा हात हलका हाय. आनि बोलत तर न्हायच. तुमचा सगला आयकून घेल."

खरंच होतं ते. माझं शिक्षण चौथी आणि माझा आवाज त्याहून कमी. आई कौतुकाने सांगायची, आमची पोर घरात आहे की नाही कळत नाही. सासरी आल्यावर सासूनेही तेच कौतुक केलं. त्यामुळे मला ते जपावं लागलं. काम करताना मी बांगड्या कोपरापाशी सारून ठेवते, म्हणजे वाजत नाहीत. शिंक आली तर पदरात.

माझं काम असं. बटण उघडायचं, आतली इवलीशी स्प्रिंग बाजूला ठेवायची, बारीक ब्रशने कडेला तेलाचा हात फिरवायचा, परत बंद करायचं. तेल जास्त झालं तर बटण आळशी होतं, कमी झालं तर खरखरतं. चिंबोरीला मात्र तेल जवळजवळ लावायचंच नाही, तिचा आवाज मरतो. हे मी तिथे शिकले. शेठ आधी चुकून शिकले होते. सुरुवातीला त्यांनी लूमचं तेल वापरलं. लूमला चालतं तर याला का नाही, असं त्यांचं म्हणणं. ठाण्याच्या एका साहेबांचा कीबोर्ड त्या तेलात न्हाऊन गेला. आठवड्याने साहेब परत आले. निम्मी बटणं खाली बसलेली, सत्यनारायणाला बसल्यासारखी, उठायचं नाव नाही. साहेब म्हणाले, माझ्या ऑफिसात सगळे विचारतात, तुम्ही गॅरेजमधून आलात का. शेठनी कीबोर्ड नाकाला लावला आणि म्हणाले, "वास मात्र बेस्ट हाय." साहेब आधी चिडले, मग हसले, मग चहा प्यायले. शेठनी नवीन करून दिला.

लूमची एक गोष्ट मात्र कामी आली. कीबोर्डच्या पोटात पोकळी असते, त्यामुळे आवाज रिकाम्या डब्यासारखा येतो. लोक त्यात फोम घालतात. शेठनी लूमवरचं कोरं कापड घड्या करून घातलं. आवाज एकदम भरीव झाला. मग ते सगळ्यांना अभिमानाने सांगायचे, "याच्या पोटात भिवंडी हाय."

आणि अक्षरं! मराठी अक्षरांची बटणं मिळेनात म्हणून शेठनी पडघ्याच्या एका पेंटरला पकडलं. तो ट्रक रंगवायचा. त्याला दिली बटणांची कोरी टोपणं. बिचाऱ्याने आयुष्यभर ट्रकच्या पाठी रंगवलेल्या, तो नखाएवढ्या जागेत क, ख, ग काढायला बसला. अक्षरं सुंदर काढली, पण हात राहीना. मिटवायच्या बटणावर त्याने बारीक अक्षरात लिहिलं, फिर मिलेंगे. खालच्या लांब पट्टीवर दोन्ही कडांना फुलं काढून लिहिलं, सावकाश जा. एका कोपऱ्यात लिंबू-मिरची. शेठ इतके खूश झाले की त्यांनी त्याला तिथेच नमुन्याची पट्टी दाबायला लावली. पेंटर कोलंबी निघाला.

गिऱ्हाईक आलं की शेठ आधी त्याला काही दाखवायचे नाहीत. शेंगा द्यायचे सोलायला. तो शेंग कशी फोडतो ते बघायचे. मग हळूच म्हणायचे, "तू बोंबील." कधी बरोबर यायचं, कधी सपशेल चुकायचं. एक कॉलेजची मुलगी आली होती, तिला शेठ म्हणाले, "बाय, तू निवटी." ती म्हणाली, "काका, मला तर हे आवडलं," आणि कोलंबी घेऊन, शेंगा खाऊन, हसत निघून गेली. शेठ संध्याकाळपर्यंत शेंगांची टरफलं उलटीपालटी करून बघत होते.

चिंबोरी मात्र कोणी घेत नसे. आवाज फार. एका वकिलांनी हौसेने करून घेतली होती, मराठी अर्ज टाइप करायला, पेंटरच्या अक्षरांसकट. आठ दिवसांत परत आणली. म्हणाले, "मी रात्री काम करतो. आई उठून विचारते, कोण सुपारी फोडतंय." वकील निवटी घेऊन गेले आणि ती चिंबोरी कपाटावर जाऊन बसली. कोणी मागितली तरी शेठ द्यायचे नाहीत. म्हणायचे, "ऱ्हाऊदे. हिचा मानूस येल."

आता कीबोर्ड तयार झाला की तो तपासावा लागतो. प्रत्येक बटण उमटतं का ते बघायला काहीतरी टाइप करायचं. शेठ हे काम पेटी वाजवल्यासारखं करायचे, डावीकडून उजवीकडे, आणि पडद्यावर जे यायचं ते कोणत्याच भाषेत नसायचं. त्यांनी ते माझ्यावर सोपवलं.

"काय लिहू?" मी विचारलं.

"जा काय मनात येल ता."

मनात येईल ते लिहायला मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. शाळेत फळ्यावरचं लिहायचं, नंतर तर काहीच नाही. मी बराच वेळ विचार केला आणि अक्षरं शोधत लिहिलं, आज भेंडी केली. मग आजूबाजूला बघून फिर मिलेंगे दाबून सगळं मिटवलं. दुसऱ्या दिवशी लिहिलं, भेंडी चिकट झाली पण कोणी बोललं नाही. असं रोज थोडं. लिहायचं आणि मिटवायचं. मला कामावर जायची घाई व्हायला लागली.

आणि एका दुपारी, शेठ पडघ्याला गेले असताना, कपाटावरची धूळ पुसायला मी वकिलांची चिंबोरी खाली काढली. फडकं फिरवताना एक बटण दाबलं गेलं.

कट्ट.

मी दचकले. मग हसायला आलं. परत दाबलं. कट्ट. काहीतरी दाबावं आणि त्याने लगेच हो म्हणावं, असं वाटलं. बोंबील गुपचूप खाली जातो, कोलंबी मान हलवते, पण ही तोंडाने बोलते. मी तिला लॅपटॉपला जोडलं. दोन्हीकडे लूम धडधडत होते, बाहेर कोणाला काही ऐकू जाणार नव्हतं. मी लिहायला लागले आणि किती लिहिलं ते मला कळलंच नाही. नंतर सगळं मिटवलं, चिंबोरी कपाटावर ठेवली, तोंड धुतलं. आरशात बघितलं तर गाल लाल, लग्नातून आल्यासारखे.

शेठना लगेच सांगायला हवं होतं, असं कोणीही म्हणेल. पण सांगायचं म्हणजे शेठसमोर, काकींसमोर, दारातून डोकावणाऱ्यांसमोर तो आवाज करायचा. आणि मग सगळे म्हणणार, अगं बाई, ही! ही तर चिंबोरी! मला ते भर रस्त्यात मोठ्याने हसल्यासारखं वाटलं. मी गप्प बसले. गप्प बसायचा मला सराव होता.

आणि नेमकं तेव्हाच शेठच्या ध्यानात आलं की सगळ्या चाळीचं बटण सापडलंय, फक्त माझं राहिलंय.

"दिव्याखाली अंधार हाय ह्यो," ते म्हणाले. "बस बाय. दाब."

पट्टी समोर ठेवली. मी करंगळीच्या टोकाने बोंबील दाबला.

"कसा वाटला?"

"बरा आहे."

"आनि कोलंबी?"

"ती पण बरी."

"निवटी?"

"बरीच आहे."

चिंबोरीवर मी बोट नुसतं ठेवलं आणि उचललं. ते ओरडायच्या आतच.

"ही?"

"हीपण बरी."

शेठनी कपाळाला हात लावला. "सगल्या बऱ्या? आगो, सगले नवरे तरी बरे असतात का?"

दारात भाजी निवडत बसलेल्या काकी म्हणाल्या, "आवो, एकच बघितलाय तिने. आमचा पन तसाच झाला."

सगळे हसले. शेठ हसले नाहीत. ते उठून उभे राहिले आणि एकदम गंभीर आवाजात म्हणाले, "आई एकवीरेची आन. हिचा बटन सापडंपरत मी म्हावरा खानार न्हाय."

काकींच्या हातातली जुडी खाली पडली. आगरी माणसाने म्हावरं सोडायचं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. शेठ सकाळी सुकट, दुपारी कालवण, संध्याकाळी तळलेलं खाणारे. आजारी पडले तर पथ्य म्हणून बोंबील खायचे.

आणि त्यातून त्यांची अशी पंचाईत झाली की बटणांची नावं त्यांनीच ठेवलेली. आता दिवसभर गिऱ्हाईक यायचं आणि शेठना म्हणावं लागायचं, बोंबील बघा, किती मऊ हाय. कोलंबी बघा, ताजी, आजच आली. बोलता बोलता ते गिळायचे. एकदा एका गिऱ्हाइकाला "चिंबोरीला रस्सा..." एवढं बोलून थांबले, आणि पाणी प्यायला आत गेले.

घरी दुधी, पडवळ, मुगाची डाळ. चाळीत कोणाकडे मासे तळले की शेठ दार लावून घ्यायचे, आणि मग दाराच्या फटीशी उभे राहायचे.

काकींनी मला नळावर गाठलं. "बाय, माजा आयक. एक बटन दाब नि सांग, हीच माजी. खोटा सांग. कोनाला कलतंय?"

"काकी, त्यांना कळेल."

"कलूदे. आगो, काल रातच्याला झोपेत माजा दंड धरून म्हनतात, हलवा ताजा हाय काय!"

मला इतकं हसू आलं की हंडा खाली ठेवावा लागला. पण काकींची दया आली. दुसऱ्या दिवशी मी शेठसमोर बसून सांगितलं, "माझं बटण बोंबील."

शेठचा चेहरा उजळला. "दाब."

मी दाबलं. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, बराच वेळ. मग हळूच मान हलवली. "न्हाय गो. तुजा तोंड बोलतंय, आंगठा बोलत न्हाय." आणि काकींना हाक मारली, "डाल वाढ."

मग त्यांनी चोरून शोध घ्यायला सुरुवात केली. आमच्या दाराला बेल नव्हती, ती बसवून दिली, कोलंबीची. म्हणजे मी कशी दाबते ते बघता येईल. पण आपल्याच घराची बेल कोण दाबतं? आठवडाभर शेठ जिन्याखाली वाट बघत उभे राहिले आणि बेल दाबली ती फक्त दूधवाल्याने. मग माझ्याकडून पीठ मळून घेतलं. माझ्या नवऱ्याला शिफ्टवरून येताना अडवलं. तो गोदामात मालाची गाडी भरायचा, दमलेला असायचा.

शेठ म्हणाले, "ती रागावली की काय करते?"

नवरा म्हणाला, "शेठ, ती रागावत नाय."

"अरे, कधीतरी?"

"एकदा रागावलेली. तवा कुकर लय घासला."

शेठनी दुसऱ्या दिवशी मला घासायला कुकर दिला.

मी घासत होते आणि मनात म्हणत होते, सांगून टाक गं, सांगून टाक. दुपारी शेठ घरी जेवायला गेले की कपाटावरची चिंबोरी खाली यायची, दोन्हीकडे लूम धडधडायचे, आणि मी लिहायचे. भेंडीचं लिहून संपलं होतं. आता मी शेठविषयीच लिहीत होते. रोज लिहायचं, रोज मिटवायचं. त्यांचं बेल दाबणं, भटजींना पट्टी देणं, सगळं. लिहिताना मी त्यांना सगळं सांगत होते आणि ते समोर आले की एक शब्द बोलत नव्हते.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी काकींचा भाऊ अंजूरहून आला होता. येताना खाडीच्या चिंबोऱ्या घेऊन आला, जिवंत, पायाला सुतळी बांधलेल्या. त्याला उपासाचं माहीत नव्हतं. काकींनी रस्सा केला. वास शेडपर्यंत आला, लूमच्या तेलाच्या वासावर मात करून आला. शेठ जेवायला गेले ते मान खाली घालून, जसा माणूस कोर्टात जातो.

मी चिंबोरी काढली, माझी, आणि लिहायला बसले. मी लिहिलं, आज शेठपुढे दुधी आहे आणि पाहुण्यापुढे चिंबोरी. शेठ दुधी खाताना डोळे मिटून घेतात. मला वाटतं ते दुधीला नांगी लावून खातात. मलाच हसू आलं. बांगड्या कधी मनगटावर उतरल्या मला कळलं नाही. मी लिहीतच गेले.

आणि लाइट गेली.

भिवंडीत लाइट जाते तेव्हा अंधार होतो हे नंतर कळतं. आधी आवाज जातो. सगळे लूम एका क्षणात थांबतात आणि कान एकदम मोकळे होतात, लांबचा कावळासुद्धा ऐकू येतो. पण लॅपटॉप बॅटरीवर चालतो. पडदा समोर तसाच उजळ होता. मी वाक्याच्या मध्यात होते. लूम थांबलेत हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

कट्ट कट्ट कट्ट कट्ट.

सगळ्या चाळीने ऐकलं. काकींनी नंतर सांगितलं, शेठचा घास तोंडाशी थांबला. म्हणाले, "आयकलास? कोन हाय यो?" भाऊ म्हणाला, कोनी सुपारी फोडतंय. शेठ म्हणाले, "सुपारी नव्हं. मानूस हाय. आनि त्याला त्याचा बटन सापडलाय." आणि हात न धुता उठले.

दारात सावली पडली तेव्हा मी वर बघितलं. शेठ, हाताला दुधी लागलेला. मागे काकी डाव घेऊन. त्यांच्या मागे काकींचा भाऊ, आणि त्याच्या मागे सगळी चाळ, कारण लाइट गेल्यावर कोणाला काही काम नव्हतं.

माझे हात थांबले. मिटवायचं बटण दाबायचं सुचलं नाही. काकी पुढे आल्या आणि पडद्यावरचं मोठ्याने वाचलं, "मला वाटतं ते दुधीला नांगी लावून खातात."

मागून कोणीतरी खो-खो हसलं. मला वाटलं, आता फरशी फाटली तर बरं.

पण शेठना काय लिहिलंय त्याच्याशी काहीच देणंघेणं नव्हतं. ते माझ्या हातांकडे बघत होते. "थांबू नको," ते म्हणाले. आवाज इतका हळू की माझाच वाटला. "बाय, थांबू नको. लिही. मना एकदा बघूदे."

"शेठ, सगळे बघतायत."

"बघूदे. लूम चालू झाले तर मग आयकाला येनार न्हाय."

मागून काकींचा भाऊ म्हणाला, "रस्सा थंड होतंय."

मी बांगड्या वर सारायला हात नेला. आणि तसाच खाली आणला. सगळी भिवंडी गप्प होती, आणि ही एवढी माणसं माझ्या एका बोटाची वाट बघत होती. मी खाली बघून लिहिलं. बटणं ओरडत होती, बांगड्या वाजत होत्या, मी कोणाकडेही बघितलं नाही. लिहून झाल्यावर हात मांडीवर ठेवले.

काकींनी वाकून वाचलं. "काकी, शेठला चिंबोरी वाढा."

जो काही ओरडा झाला, तो लूम चालू असते तरी ऐकू आला असता. काकी डाव घेऊन घराकडे पळाल्या, त्या वयात. शेठ माझ्यासमोर उभेच. डोळे भरलेले, ते माझ्यामुळे की रश्श्याच्या वासामुळे हे मला आजही सांगता येणार नाही. म्हणाले, "इतके दिस चिंबोरी कपाटावर मानूस शोधत होती, नि मानूस खाली बसून तेल लावत होता." मग जोरात हसले. "आनि मी दुधी खात होतो!"

त्या दिवशी शेठ शेडमध्येच, माझ्या टेबलासमोर बसून जेवले. आधी मोठी नांगी उचलली, दाढेखाली धरली, आणि फोडायच्या आधी माझ्याकडे बघून भुवई उडवली. मी एक बटण दाबलं. कट्ट. त्यांनी नांगी फोडली. कट्ट. असं पूर्ण ताट संपेपर्यंत चाललं. काकी म्हणाल्या, "दोन येडे मिलाले." लाइट आली, लूम सुरू झाले, तरी आमचं चालूच.

नंतर नवऱ्याला पडघ्याच्या गोदामात काम मिळालं आणि आम्ही इकडे राहायला आलो. निघताना शेठनी वकिलांचा कीबोर्ड आणि तो जुना लॅपटॉप पिशवीत घालून दिला. मी नको म्हणाले तर म्हणाले, "मी देत न्हाय. तो तुज्यासंगती चाललाय." काकींनी वर सुकट दिली. फुलं काढलेल्या लांब पट्टीवरचं सावकाश जा आता थोडं पुसट झालंय.

अजून शेठचा अधूनमधून फोन येतो. कसं चाललंय वगैरे विचारत नाहीत. फोन उचलला की म्हणतात, "वाजव." मी फोन कीबोर्डजवळ धरते आणि दोन ओळी लिहिते. ते ऐकतात. मग म्हणतात, "मधल्या रांगेतला एक बटन सुस्तावलाय. बघ." आणि ठेवून देतात. हे सगळं मी त्यांच्याविषयीच लिहितेय हे त्यांना माहीत नाही. विचारलंही नाही कधी. आणि आता मी मिटवत नाही.

पडघ्याला आमच्या शेजारी लूम नाहीत. ट्रक जातात ते लांबून. दुपारी सगळं शांत असतं आणि माझा आवाज भिंतीपलीकडे जातो. काल शेजारीण दारात आली, पदराने हात पुसत. म्हणाली, "रोज ऐकते बाई. काय वाजतं गं तुमच्याकडे?"

मी म्हणाले, "मी."